चुकीच्या लेकीची राखण

लोक तिला मास्तरीण म्हणत. शाळेतली नव्हे, कापड कापतो तो मास्तर, म्हणून कापते ती मास्तरीण. घराच्या पुढच्या खोलीत तिची दोन मशिनं, कापायचं लांब टेबल आणि भिंतीला उभा आरसा. गिऱ्हाईक दारातून आत आलं की टेप लावायच्या आधीच तिला कमरेचा आकडा कळायचा, आणि कळला की तो तोंडावर सांगितल्याशिवाय तिला राहवायचं नाही. "गेल्या खेपेपेक्षा वाढलात हं!" बायका हसण्यावारी न्यायच्या. शिवण इतकी नेटकी असायची की त्यापायी दोन शब्द ऐकून घ्यायला कोणाची ना नसे.

गिऱ्हाइकाला बोलून ती विसरून जायची. घरातल्यांना बोललेलं मात्र ती रोज नव्यानं बोलायची.

तिला दोन मुली. थोरली बापाच्या वळणावर गेलेली. रुंद खांदे, भरलेले दंड, हसली की डोळे गालांत गडप. धाकटी म्हणजे आईची नक्कल. बारीक, लांब मानेची, घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकातसुद्धा ढिला. नवऱ्याचं बाजाराच्या टोकाला टायरचं दुकान होतं आणि तो स्वतः एखाद्या ट्रकच्या टायरसारखाच होता, दिसायलाही आणि टिकायलाही. वर्षातून एकदा सर्दी, बाकी डॉक्टरचं तोंड बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. मास्तरीण त्याला म्हणायची, "तुमचं नशीब आहे, तुम्हाला पचतंय. पण नशीब काही लेकीच्या अंगात घालता येत नाही." तो मान डोलवायचा. बायकोपुढे मान डोलवणं हा त्याचा जन्माचा जोडधंदा होता.

तिच्या या धाकामागे एक गोष्ट होती, आणि ती खोटी नव्हती. तिच्या आईला साखरेचा आजार होता. आई अंगानं आडवी, जिभेची चटोर, बरणीतला मुरंबा चमच्यानं खाणारी. आधी पायाचा अंगठा गेला, मग पाऊल गेलं, मग एकेका डोळ्यापुढे पडदा आला. मास्तरीण तेव्हा शाळेत होती. शाळेतून आली की दप्तर ठेवून आधी आईच्या पायाची पट्टी बदलायची. तो वास तिच्या नाकातून कधी गेला नाही. आणि येणारीजाणारी माणसं दारातच कुजबुजायची, "खाऊन खाऊन ओढवून घेतलं बाईनं." पोरीनं ते ऐकलं आणि मनात कोरून ठेवलं. आपली आई आजारानं नाही, ताटानं मेली, अशी तिची खात्री होऊन बसली.

त्यामुळे थोरली गुटगुटीत जन्मली, लोक गालगुच्चे घेऊ लागले, तेव्हा सगळ्या घरात एकटी मास्तरीण मनातून हादरली होती. तिला त्या गोऱ्या गुबगुबीत पायात आईचा पाय दिसायचा.

मग राखण सुरू झाली. साखरेचा डबा, लोणी, बिस्किटं, सगळं कपाटात आणि किल्ली हिच्या कमरेला. दर रविवारी सकाळी थोरलीला आरशापुढे उभं करून टेप. आकडा वाढला की आठवडाभर तोंड चालायचं, आणि कमी झाला तरी चालायचं, कारण मग तो आणखी कमी करायचा असे. लाडानं म्हणून "गाठोडं" म्हणायला सुरुवात झाली होती. पुढे त्यातला लाड आटला आणि गाठोडं तेवढं राहिलं. ताटात थोरलीला मोजून वाढलं जायचं. उरलेलं, आणि गोड असेल तर सगळंच, धाकटीच्या ताटात.

"तू खा गं. तुझ्या अंगाला लागतंय कुठे!"

"आई, मला नको झालंय."

"नको काय नको! काडी झालीयेस काडी. टाकायचं नाही, संपव."

धाकटी खाली मान घालून संपवायची. थोरली समोर बसून पाणी प्यायची. बाप ताटाकडे बघत राहायचा. शाळा सुटल्यावर थोरली दुकानात गेली की टायरांच्या ढिगामागे तो तिला पाव आणि अंडं द्यायचा, आणि म्हणायचा, "घरी बोलू नकोस हं." त्याला वाटायचं, आपण लेकीच्या बाजूनं आहोत.

थोरलीला तिथंच टायरांचा नाद लागला. रबराचा वास, हवेचा दाब, लोखंडी रिंगवरून टायर सुटताना होणारा तो आवाज. यंत्रांच्या शाळेत तिनं नाव घातलं आणि शेवटच्या वर्षाला ती सगळ्यांत पहिली आली. बक्षीस समारंभासाठी आईनं ड्रेस शिवायला घेतला. थोरली हरखली. रात्रंदिवस टोमणे मारणारी आई आपल्यासाठी निळं कापड निवडतेय, गळ्याला बारीक नक्षी काढतेय, हे तिला खरंच वाटेना.

मास्तरणीनं तो ड्रेस मुलीच्या मापाचा शिवलाच नाही. मुलगी असायला हवी होती त्या मापाचा शिवला. "अजून महिना आहे," ती म्हणाली, "तेवढ्यात उतरव. उतरवलंस की अंगावर बसेल बघ कसा." आणि शिलाईच्या आत, उसवून मोठं करायला म्हणून जे कापड राखतात, ते तिनं राखलं नाही. ते ती एरवी कोणासाठीही राखायची, परक्या बायकांसाठीही.

थोरलीनं महिनाभर जवळजवळ पाण्यावर काढला. ड्रेस चढला, पण श्वास घ्यायला जागा नव्हती. भरल्या सभागृहात तिचं नाव पुकारलं, ती स्टेजवर गेली, ढाल घ्यायला तिनं हात वर केला आणि काखेपासून कमरेपर्यंत शिवण टरकन फाटली. माईक जवळच होता. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. आधी कोणीतरी एकटं हसलं, मग सगळे.

थोरलीनं एका हातानं ढाल धरली, दुसऱ्या हातानं कूस झाकली, आणि पायऱ्या उतरून सरळ बाहेर गेली. घरी आली नाही. दुकानाच्या वर एक खोली होती, जुने टायर टाकायची. ती तिनं झाडून घेतली आणि तिथंच राहिली. आठवड्यानं बाप कपड्यांची पिशवी घेऊन गेला. मास्तरीण म्हणाली, "येईल. भूक लागली की येईल." पण भुकेचीच तर थोरलीला सवय होती.

वर्षं गेली. बापाचे गुडघे दुखायला लागले तसं दुकान थोरलीनं हातात घेतलं. ट्रकचं चाक एकटी उतरवायची, ड्रायव्हर लोक आधी गालात हसायचे, मग गाडी आणली की "बाई आहेत का?" म्हणून तिलाच शोधायचे. आई आणि थोरली एकमेकींशी बोलत नव्हत्या. निरोपांची ने-आण धाकटी करायची, आणि बहुतेक निरोप वाटेतच गाळून टाकायची.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. नीटनेटकी, गोड बोलणारी, गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवून हलक्या हातानं कानामागे बसवणारी. सत्ताविशी ओलांडेपर्यंत तिला काही झालं नव्हतं. मग तिला तहान लागायला लागली. पाण्याची बाटली संपायची, भरायची, संपायची. सारखं मोरीकडे धावावं लागायचं. वजन उतरलं. नव्या बुटानं टाच सोलली ती महिना झाला तरी भरेना. दुकानातल्या मुली म्हणायच्या, "काय गं, काय करतेस? आम्हालाही सांग." मास्तरणीला तर अभिमानच वाटला. तिनं धाकटीचे दोन ड्रेस आत घेतले आणि आरशात बघून म्हणाली, "माझ्या हाडाची आहेस. याला म्हणतात बांधा."

एका दुपारी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला सांगत असताना धाकटी काउंटरवरच आडवी झाली. म्हातारा बिचारा अर्धवट चष्म्यात घाबरून "पोरी, पोरी" करत राहिला.

दवाखान्यात साखर मोजली, ती यंत्राच्या आकड्यांपलीकडे गेलेली. मास्तरीण धावत आली ती गळ्यात टेप तशीच.

"मधुमेह आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि आजचा नाही."

"छे हो!" मास्तरणीला हसूच आलं. "अहो, बघा तरी तिच्याकडे. अंगावर मूठभर मांस नाही. रक्त बदललं असेल तुमच्याकडे. माझी थोरली आहे, तिचं म्हणत असाल तर पटेल."

"रक्त तिचंच आहे. परत तपासलंय."

तेवढ्यात थोरली आली. दुकानातून तशीच उठून आलेली, कोपरापर्यंत काळे हात. आईकडे न बघता ती पलंगाशी गेली आणि स्वच्छ जागा म्हणून मनगटाच्या मागच्या बाजूनं बहिणीचं कपाळ चाचपलं. धाकटीनं डोळे उघडले. "ताई, म्हाताऱ्यांचा चष्मा राहिला गं," ती म्हणाली, आणि थोरलीला एकदम रडू फुटलं.

पुढचे दिवस तपासण्यांत गेले. कोवळ्या वयात होतो तो वेगळ्या जातीचा मधुमेह तर नाही ना, हे डॉक्टरांनी बघितलं, तो नव्हता. हा तोच होता, एरवी जाडजूड माणसांचा म्हणून समजला जाणारा. डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या मधुमेहींचा अभ्यास करत होत्या. त्यांनी विचारलं, घरातल्या सगळ्यांचं रक्त देता का? साखर बघू, चरबीतून पाझरणारे काही रस बघू, आणि गुणसूत्रांतलाही फरक तपासू. थोरली लगेच हो म्हणाली. मास्तरीण तर तिच्याही आधी. तिच्या मनात काय होतं ते तिनं रस्त्यानं जाताना नवऱ्याला बोलून दाखवलं. "आता कळेल. हिला एवढं झालंय तर तिला किती असेल! मी बोंबलून सांगत होते, तेव्हा मी वाईट." नवऱ्यानं मान डोलवली नाही. पण ते तिच्या लक्षातही आलं नाही.

निकाल सांगायला डॉक्टरीणबाईंनी चौघांना आपल्या खोलीत बसवलं. लहानशी खोली, थोरलीला खुर्ची पुरेना म्हणून ती खिडकीशी उभी राहिली. मास्तरणीनं ते टिपलं आणि ओठ आवळले.

"आधी साखर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या यजमानांची चांगली आहे. थोरलीची तर उत्तम आहे."

"थोरलीची?"

"हो."

"नीट बघा. ही धाकटी आणि ती थोरली. नावांची अदलाबदल..."

"आई," थोरली म्हणाली. किती वर्षांनी तिनं हाक मारली होती, आणि तीही गप्प करायला. "त्यांना बोलू दे."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा चहाचा कप बाजूला सरकवला. "आपल्याला वाटतं, चरबी म्हणजे नुसतं साठवण. अंगावर लटकलेलं ओझं. तसं नाही. चरबी काम करते. रक्तातून निरोप पाठवते; भूक भागली, आता साखर उचला, आता जपून ठेवा. त्यातला एक निरोप्या आहे, ॲडिपोनेक्टिन नावाचा. तो भरपूर असला की इन्सुलिनचं म्हणणं शरीराला नीट ऐकू येतं. बहुतेकांचा तो जाड झालं की कमी होतो. काहींचा होत नाही. तुमच्या थोरलीची चरबी कातडीखाली शहाण्यासारखी बसलीय आणि हा निरोप्या तिच्या रक्तात चांगला भरपूर आहे. यजमानांचाही तसाच. तो त्यांच्याकडून तिला आलाय."

"आणि धाकटीच्या?" बापानं विचारलं.

"फार कमी. जी थोडी चरबी आहे तीही कातडीखाली नाही, पोटात आत शिरलीय. म्हणजे यकृतात. हा रस बनवायचा जो मजकूर गुणसूत्रात असतो, त्यात तिच्याकडे काही ठिकाणी अक्षरं वेगळी आहेत." त्या मास्तरणीकडे वळल्या. "तशीच तुमच्याकडे आहेत, बाई. बहुधा तुमच्या आईकडून आली असणार. आणि तुमचीही साखर वाढलेली आहे. औषध सुरू करावं लागेल."

मास्तरणीनं आपले दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि बघत राहिली. बारीक, शिरा दिसणारे हात. आयुष्यात कधी पोटभर न जेवलेल्या बाईचे.

"पण मी तर..." ती म्हणाली. "मी कधी गोड तोंडात घातलं नाही हो. विचारा यांना."

"त्यानं थोडं लांबलं असेल," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हे बघा, वेगळी अक्षरं म्हणजे शिक्षा नव्हे. एकेका अक्षरानं पारडं थोडंसं कलतं, एवढंच. अशी अक्षरं असूनही पुष्कळांना काही होत नाही. आणि थोरलीनंही मी सुटले असं समजू नये. वयाबरोबर गणित बदलतं, तिनं वर्षातून एकदा तपासायलाच हवं. कोणाच्या ताटामुळे झालं, असं बोट दाखवता येणार नाही."

ते शेवटचं वाक्य मास्तरणीनं पकडून ठेवलं. बाहेर पडल्या पडल्या, जिन्यातच, ती म्हणाली, "ऐकलंस ना? त्या म्हणाल्या, बोट दाखवता येणार नाही. माझ्या हातात नव्हतं काही."

धाकटी कठड्याला धरून उतरत होती. ती थांबली.

"रक्तात जे आलं ते तुझ्या हातात नव्हतं, आई. ताटात काय वाढायचं ते होतं."

"त्यानं झालं नाही म्हणतात ना!"

"मी आजाराचं बोलतच नाहीये." धाकटीचा आवाज चढला. तिचा आवाज चढलेला घरात कोणी ऐकला नव्हता. "तिचं काढून मला वाढायचीस. तिच्या डोळ्यांसमोर. मला घास गिळायचा नाही, आणि टाकला तर तू ओरडायचीस. रोज, आई. ती पाणी प्यायची आणि मी तिच्या वाटचं खायचे. तुला एकदा तरी वाटलं का, आम्हा दोघींना तू काय खायला घालतेयस?"

जिन्यातून जाणारी माणसं बघत होती. बाप म्हणाला, "घरी जाऊन बोलू." थोरलीनं बहिणीचा दंड धरला आणि दोघी पुढे उतरल्या.

माणूस एवढ्यानं बदलतो, असं गोष्टींत असतं. मास्तरीण दुसऱ्या दिवशी बाजारातून वजनकाटा घेऊन आली. माणसं तोलायचा नव्हे, स्वयंपाकघरातला. आता धाकटीचा घास न घास तोलून ताटात पडायचा. कपाटाची किल्ली, जी इतकी वर्षं थोरलीसाठी होती, ती धाकटीसाठी फिरू लागली. चष्म्याच्या दुकानात दुपारी फोन, "काय खाल्लंस? खरं सांग." बोटाला टोचून साखर बघायची वेळ झाली की मास्तरीण आधीच दारात उभी, आकडा वाढला की कपाळाला हात. "माझ्या आईचा पाय मी धुतलाय. तुझा धुवायची ताकद नाही माझ्यात." हे ती खऱ्या पोटतिडकीनं म्हणायची. डोळ्यांत पाणीही खरं असायचं. म्हणूनच ते सहन करणं अवघड होतं.

स्वतःच्या गोळ्या मात्र ती घेतल्याच तर घ्यायची. त्या खिडकीत तशाच पडलेल्या असत.

धाकटीनं महिनाभर काढला. मग एका सकाळी ती कामावर गेली आणि संध्याकाळी थोरलीकडे उतरली. बापाच्या हाती निरोप आला, "माझे कपडे द्या. काटा नको."

मास्तरीण दोन दिवस धुमसली, तिसऱ्या दिवशी मशीन बंद करून टायरच्या दुकानावर गेली. त्या दुकानात तिनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर पाऊल टाकलं नव्हतं. भर दुपार होती. थोरली एका टेम्पोचं चाक पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे बघत होती. बाप स्टुलावर. बायकोला बघून तो उठला, मग काय करावं न सुचून परत बसला.

"धाकटी कुठाय?"

"कामावर. संध्याकाळी येईल."

मास्तरीण उभी राहिली. वाटेत तिनं जे जुळवलं होतं, ते तोंडापर्यंत आलं आणि तिथं वेगळंच झालं. "तुझं बरंय," ती म्हणाली. "तुला काही नाही निघालं. देवाची कृपा. पण गुडघ्यांचं बघ हो. एवढ्या वजनानं गुडघे जातात. बापाचे बघ."

थोरलीनं चाक पाण्यातून काढून उभं केलं. हात पुसले. ती हसली, पण डोळे गालांत गेले नाहीत.

"तू हे सांगायला आलीस?"

"नाही." मास्तरणीनं ओठांवरून जीभ फिरवली. "चुकलं माझं, म्हणायला आले. मला वाटायचं तुला होईल. मी तुझ्या काळजीनं... मला काय माहीत, तुझ्या अंगात बापाचं आलंय ते. कळलं असतं तर मी तुला एका शब्दानं बोलले नसते."

"आणि माझ्या अंगात तुझं आलं असतं तर?"

मास्तरणीला प्रश्न कळला नाही.

"माझी साखर वाढलेली निघाली असती, तर तू बरोबर ठरली असतीस का? तो ड्रेस बरोबर ठरला असता? गाठोडं बरोबर ठरलं असतं?" थोरली आवाज न चढवता बोलत होती, गिऱ्हाइकाला पंक्चर दाखवावं तशी. "तू डॉक्टरांकडे आलीस ती हेच ऐकायला. मी बघत होते तुझ्याकडे. माझी साखर चांगली म्हटल्यावर तुझा चेहरा पडला, आई."

"असं बोलू नकोस."

"पडला. मी खिडकीशी उभी होते, मला समोरून दिसत होतीस."

मास्तरणीनं नवऱ्याकडे बघितलं. आयुष्यभर मान डोलवणारा तो माणूस जमिनीवरच्या नटबोल्टांकडे बघत होता. "अहो, तुम्ही तरी सांगा हिला. मी वैरीण होते का पोरींची?"

तो काही म्हणायच्या आत थोरलीच म्हणाली, "त्यांना नको विचारूस. त्यांनी मला टायरांमागे पाव दिला, लपवून. एकदा घरात, तुझ्यासमोर, ताटात वाढला असता तर मला पावाची गरज पडली नसती."

बापाला वाटत होतं, निदान आपला हिशेब या पोरीकडे स्वच्छ आहे. तो उठला आणि दुकानाच्या मागच्या अंगाला गेला. तिथं काही काम नव्हतं.

टेम्पोवाला येऊन "झालं का बाई?" म्हणून उभा राहिला. थोरलीनं चाकाला ठिगळ लावायला घेतलं. मास्तरीण थोडा वेळ तशीच थांबली, कोणी बस म्हणेल म्हणून. मग तिलाच लाज वाटली आणि ती निघाली. कोपऱ्यावर वळताना तिनं मागे बघितलं. थोरली चाक बसवत होती, सगळं अंग लावून, आणि टेम्पोवाला काहीतरी बोलला त्यावर मोठ्यानं हसली. हे हसणं आईनं कधीच ऐकलं नव्हतं, किंवा लहानपणी ऐकलं असेल तर आठवत नव्हतं.

पुढे काही मोठं घडलं नाही. धाकटी परत आली नाही. सणावाराला नाही, आजारपणाला नाही. भेटली तर रस्त्यात बोलायची, "बरी आहेस ना?" म्हणायची, घाईत असायची. बाप सकाळी दुकानावर जायचा तो रात्री झोपायला घरी. त्या दिवसापासून तोही कमी बोलायला लागला होता, आणि मान डोलवणं त्यानं जवळजवळ सोडूनच दिलं. मास्तरणीच्या पायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा ती गोळ्या वेळेवर घेऊ लागली. सुईत दोरा ओवायला तिला आता खिडकीशी जावं लागायचं.

दवाखान्यात उपाशीपोटी एकदा आणि जेवल्यावर परत एकदा रक्त द्यावं लागतं. रक्त घेणारी नर्स बोलकी होती.

"परवाच तुमच्या दोघी येऊन गेल्या की! धाकटीची साखर काय छान खाली आलीय. टाचही भरली. थोरलीबरोबर रोज लांब चालायला जाते म्हणाली. काय हसतात हो दोघी, इथं सगळ्यांना हसवतात."

"हो," मास्तरीण म्हणाली. "सांगितलं मला."

"तुमचीच जरा वर आहे. असू दे, येईल खाली. हात सैल सोडा. आज बरोबर कोण आलंय?"

"येतायत मागनं."

नर्सनं कापसाचा बोळा दाबून धरायला दिला आणि म्हणाली, "मग आता जेवून घ्या, आणि वेळ झाली की परत आत या." बाहेरच्या बाकावर मास्तरीण बसली. शेजारी एक बाई आपल्या नवऱ्याला बळेबळे भरवत होती, पलीकडे दोन बहिणी एकाच डब्यात जेवत होत्या. मास्तरणीनं पिशवीतून डबा काढला, उघडला, आणि समोरच्या भिंतीकडे बघत एकेक घास चावून चावून खायला लागली. तपासणीसाठी पोटभर जेवायला सांगितलं होतं. पोट कधी भरतं, हे तिला कळेना.